डॉमिनार आणि निंजा: दोन्ही वापरून झाल्यावर

माझ्याकडे आधी बजाजची डॉमिनार ४०० होती, मग कावासाकीची निंजा ६५० आली. काही वर्षं दोन्ही आमच्या पार्किंगमध्ये शेजारी शेजारी उभ्या असायच्या. आता एकच उरली आहे. कुठली ठेवली आणि का, असं ओळखीतले बरेच जण विचारतात. त्यातल्या बहुतेकांना स्वतःसाठी घ्यायची असते. म्हणून जे झालं ते पहिल्यापासून सांगतो.

आम्ही चिंचवडला राहतो. डॉमिनार मी २०१९ मध्ये घेतली. त्या वर्षी तिच्यात मोठा बदल झाला होता. २०१६ च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा आली तेव्हा ताकद ३५ पीएस होती. २०१९ च्या मॉडेलला ४० पीएस मिळाली आणि पुढे जाडजूड अपसाइड डाउन फोर्क आले. इंजिन ३७३ सीसीचं, एकाच सिलिंडरचं. वजन १८४ किलोच्या वर. माझी आधीची गाडी १५० सीसीची होती. त्यामुळे साइड स्टँडवरून ही पहिल्यांदा सरळ उभी केली तेव्हा धाकधूक झाली. महिनाभरात हात बसला.

घेण्याचं कारण साधं होतं. मला आणि बायकोला कोकणात फिरायचं होतं, तेही आपल्या वेळेने. ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी घालून वेसवीला उतरायचं. मग केळशी, आंजर्ले, दापोली. दाभोळहून पुन्हा जेटीने धोपाव्याला आणि पुढे गुहागर. हा रस्ता आम्ही पुन्हा पुन्हा केला. अरुंद रस्ता, सतत वळणं, मध्येच म्हशी, मध्येच लाल मातीचा चढ. वेग चाळीस-पन्नासच्या वर जातच नाही. तिथे डॉमिनार मस्त चालायची. मागची सीट रुंद. धरायला दोन्ही बाजूंना दांडे. बायको तासन्‌तास बसायची आणि तक्रार करायची नाही. मुद्दाम सांगतो, कारण पुढे हाच मुद्दा मोठा झाला.

सामानाचा त्रास मात्र पहिल्याच पावसाळ्यात झाला. दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या सॅडल बॅगा घेतल्या होत्या. ताम्हिणीत पाऊस लागला म्हणून त्यांच्यावर रेनकव्हर चढवलं. माणगावच्या आसपास जळका वास आला. थांबून पाहिलं तर सायलेन्सरच्या बाजूचं कव्हर वितळून चिकटलं होतं. बॅगेचंही एक टोक गेलं आणि आतले कपडे भिजले. पुढे सायलेन्सरच्या बाजूला लोखंडी पट्टीचा स्टे बसवून घेतला, बॅग आत झुकायची थांबली. ज्या गाडीचा सायलेन्सर बाजूने वर येतो तिला हा स्टे आधी लावा, बॅगा नंतर घ्या. मागच्या सीटखाली दुमडून ठेवलेले पट्टे २०१९ च्या डॉमिनारला कंपनीकडूनच येतात. छोटी बॅग सीटवर बांधायला ते फार उपयोगी पडले.

दुसरा प्रसंग गुहागरचा. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या अंगणात गाडी उभी होती. सकाळी नारळाचा टेम्पो मागे घेताना तिला धक्का लागला आणि ती डाव्या अंगावर पडली. क्लचची लिव्हर मधोमध तुटली. टेम्पोवाला बिचारा घाबरून गेला. घरमालक म्हणाले, "काळजी करू नका, चिपळूणला मिळेल." त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून मी चिपळूणला गेलो. लिव्हर तासाभरात हातात होती, किंमत किरकोळ. संध्याकाळी अंगणातच बसवली आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे जयगडकडे निघालो. त्या दिवसापासून दोन्ही लिव्हर, एक क्लच केबल आणि प्लॅस्टिकचे झिप टाय माझ्या सामानात कायम असतात.

मग निंजा का घेतली? कारण २०२१ नंतर माझं एकट्याने फिरणं वाढलं. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असा सरळ महामार्ग मी बराच करू लागलो. एका सिलिंडरचं इंजिन तासन्‌तास एकाच वेगाने चालवलं की त्याची थरथर पावलांना आणि तळहातांना जाणवतेच. असं इंजिन असंच असतं, त्यात कुणाचा दोष नाही. पण कोल्हापूरला हॉटेलात पोचल्यावर चहाचा कप धरताना बोटं बधिर लागायची. वयही पंचेचाळीसच्या पुढे गेलं होतं. मित्राची निंजा अर्धा दिवस चालवून पाहिली आणि परत देताना मन होईना. तिचा आवाज मला आवडला होता, हेही खरं.

नवी परवडणारी नव्हती. आश्चर्य म्हणजे दोन्ही गाड्यांचं घर चाकणच. डॉमिनार तिथल्या कारखान्यात तयार होते आणि निंजा तिथेच जुळवली जाते. पण शोरूमच्या किमतीत तिपटीहून जास्त फरक. म्हणून २०२२ मध्ये मी २०१८ ची, एकाच मालकाने वापरलेली निंजा घेतली.

जुनी घेणाऱ्यांसाठी इथे जरा थांबतो. आधी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. माझ्या गाडीच्या टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर गाडीइतकंच जुनं आणि कडक झालेलं. नव्या टायरजोडीचे पैसे सौद्यातून कापून घेतले. मग चेन मागच्या स्प्रॉकेटवर मधोमध धरून मागे ओढा. ती दातावरून उचलली जात असेल तर चेन-स्प्रॉकेट बदलायला आलं. रेडिएटरच्या जाळीत खडे लागून पाती वाकली आहेत का, ते टॉर्च मारून पाहा. फेअरिंगचे सगळे स्क्रू जागेवर आहेत का तेही पाहा. एखादा वेगळ्या रंगाचा दिसला तर गाडी पडली होती का, हे सरळ विचारा. कागदांत फॉर्म २९ आणि ३०, आणि कर्ज फिटलेलं असेल तर बँकेची एनओसी व फॉर्म ३५. आरसी नावावर होईपर्यंत थोडे पैसे हातात ठेवावेत, हे मला एका जुन्या एजंटने सांगितलं होतं. मी तसंच केलं आणि सगळं सुरळीत झालं.

आता कागदावरचे आकडे. निंजाचं इंजिन ६४९ सीसीचं, दोन सिलिंडरचं, ६८ पीएसचं. गाडीचं वजन १९३ किलो. म्हणजे डॉमिनारपेक्षा आठ-नऊ किलोच जास्त, ताकद मात्र दीडपटीहून अधिक. पेट्रोलची टाकी १५ लिटरची, डॉमिनारची १३ ची. महामार्गावर डॉमिनार मला लिटरला तीसच्या जवळ द्यायची, निंजा बावीस-तेवीस. म्हणजे टाकी लहान असूनही डॉमिनारच थोडी जास्त लांब जायची. आणि विमा. थर्ड पार्टी विम्याचा दर सीसीप्रमाणे ठरतो आणि ३५० सीसीच्या वर सगळ्यांना एकच आहे. जून २०२२ पासून वर्षाला २,८०४ रुपये, त्यावर कर. दोन्ही गाड्यांना तेवढेच भरावे लागत होते. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. तिथे निंजाचा हप्ता बराच मोठा.

आकड्यांतला एक मात्र मी पुढे रस्त्यावर अनुभवला. जमीन आणि गाडीचा तळ यांतलं अंतर. डॉमिनारचं १५७ मिलिमीटर, निंजाचं १३०. वाचताना फरक बोटाच्या रुंदीएवढा वाटतो.

निंजा घेऊन आम्ही दोघं पहिल्यांदा बदामी, पट्टदकल, ऐहोळे करत हंपीला गेलो. कोल्हापूरपर्यंत बायको खूश होती. गाडी थरथरत नाही, धक्के कमी बसतात असं म्हणाली. पुढे आतल्या रस्त्यांना लागलो आणि गावागणिक स्पीडब्रेकर सुरू झाले. पांढरे पट्टे नाहीत, बोर्ड नाही, आणि उंची अशी की चारचाकीही तिरकी करून काढावी. दोघांच्या वजनाने गाडी मागून दबलेली. निंजाचा सायलेन्सर पोटाखाली असतो. पहिल्याच उंच स्पीडब्रेकरवर खालून खर्रकन आवाज आला. पुढच्या दोन-तीन ठिकाणी बायको उतरून चालत गेली आणि मी गाडी रिकामी पार केली. भर उन्हात, जॅकेट घालून. ऐहोळेच्या अलीकडे ती म्हणाली, "अहो, थांबवा जरा, पाय पार आखडलेत." निंजाची मागची सीट छोटी आणि उंच, पायांच्या खुंट्याही वर, त्यामुळे गुडघे जास्त दुमडतात. धरायला डॉमिनारसारखे दांडे नाहीत. तिने पुढचे दोन दिवस हूं की चूं केलं नाही, पण हॉटेलात गेल्या गेल्या ती पाय वर करून पडायची. मला वाईट वाटत राहिलं.

घरी आल्यावर हुक पान्याने मागच्या शॉकचं प्रीलोड वाढवून घेतलं. दोघं जाताना ते एक-दोन टप्पे वर ठेवायचं आणि एकटं जाताना परत खाली आणायचं. घासणं बरंच कमी झालं, पण पूर्ण थांबलं नाही. सीटवर जेलची गादी करून घेतली. बायकोला थोडा आराम पडला. खुंट्या मात्र जिथे आहेत तिथेच राहणार.

निंजा एकदा कोकणातही नेली. दाभोळला ओहोटी होती. अशा वेळी जेटीची फळी खाली जाऊन उतार खडा होतो आणि सिमेंटवर बुळबुळीत शेवाळ असतं. डॉमिनारवर मी सरळ बसून, दोन्ही पाय टेकवत, क्लचवर हळूहळू उतरायचो. निंजावर शरीर थोडं पुढे झुकलेलं असतं, सगळा भार मनगटांवर येतो आणि पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला की चाक सरकायला बघतं. जेटीवरचा माणूस म्हणाला, "दादा, ब्रेक सोडा, मी मागून धरतो." त्याने मागून धरली, मी गिअरमध्ये ठेवून इंजिनच्या जोरावर उतरवली. फळीच्या कडेला पोट टेकलंच. वर आल्यावर हात कापत होते. त्यानंतर कोकणात जायचं तर डॉमिनार, हे घरात न बोलता ठरून गेलं.

मग २०२३ मध्ये मुलगी शिकायला बंगळूरला गेली. चिंचवड ते बंगळूर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. बायको रेल्वेने जाते, मला जमेल तेव्हा मी गाडीवर जातो आणि वाटेत हुबळीला मुक्काम करतो. या रस्त्याने निंजाबद्दलचं माझं मत बदललं.

चार पदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे. लोक मला विचारतात, मग ६५० सीसी कशाला? ८० ला दोन्ही गाड्या ८० च जातात, हे बरोबरच आहे. पण डॉमिनारवर त्या वेगाला इंजिन काम करतंय हे कळतं. निंजावर ते निवांत फिरत असतं. काचेमुळे छातीवर वारा कमी आदळतो. हुबळीला उतरल्यावर बोटं बधिर नसतात आणि मान धरलेली नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गाडीवर बसावंसं वाटतं. लांबच्या प्रवासात याहून मोठी गोष्ट मला सापडलेली नाही.

आणि ओव्हरटेक. हुबळी-धारवाड बायपास वर्षानुवर्षं दोन पदरीच होता. चार पदरी महामार्गाची सगळी ट्रकवाहतूक त्या अरुंद पट्ट्यात शिरायची. तिथे फार अपघात झाले आहेत. डॉमिनारवर लांब ट्रेलर ओलांडायचा तर दोन गिअर खाली घ्यायचे, इंजिन ओरडवायचं आणि समोरच्या दिव्यांकडे बघत राहायचं. निंजावर एकच गिअर खाली, मनगट थोडं वळवलं की ट्रेलर मागे. धोक्याच्या बाजूला आपण कमी वेळ असतो. जास्त ताकदीचा उपयोग मला वेगापेक्षा इथे झाला.

सातारा ते कागल सहा पदरीकरणाचं काम चालू असताना मात्र निंजावर जीव मुठीत धरून गेलो. अचानक डायव्हर्जन, सर्व्हिस रोडवर खडी, पाऊस पडला की खड्डे दिसत नाहीत. कराडच्या पुढे मागच्या चाकात एक जाड स्क्रू घुसला. टायर ट्यूबलेस असल्याने हवा हळूहळू गेली आणि मला बाजूला थांबता आलं. जवळच्या पंक्चरवाल्याने चाकाकडे पाहून आधी हात झटकले. दोन्ही गाड्यांना मधला स्टँड येत नाही आणि त्याच्याकडे एवढी गाडी उचलायला काही नव्हतं. मी म्हटलं, "दादा, चाक काढायचंच नाही, स्ट्रिप टाका फक्त." माझ्याच किटमधली स्ट्रिप होती. त्याने स्क्रू उपटला, रिमरने भोक साफ केलं, स्ट्रिप दाबली. हवा माझ्या छोट्या पंपाने भरली, मागे ३६ पीएसआय. त्याने पैसे घ्यायला का-कू केलं, मी दिले. त्याच स्ट्रिपवर बेळगावपर्यंत बेताने गेलो आणि तिथे टायर उतरवून आतून पॅच लावून घेतला. पंक्चरचं किट आणि पंप नसता तर तो दिवस रस्त्यावरच गेला असता.

हीच निंजा टेम्पोच्या धक्क्याने पडली असती तर? हा विचार मी बऱ्याचदा केला. लहान गावात तिचा सुटा भाग मिळत नाही. मेकॅनिक फेअरिंग उघडायला धजत नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यामुळे लांब जाण्याआधी चेन, ब्रेक पॅड, कूलंट, बॅटरी मी घरीच नीट पाहतो. चेन पाचशे-सहाशे किलोमीटरला साफ करून ल्यूब मारतो, त्यासाठी घरी पॅडॉक स्टँड आणला आहे. डॉमिनारच्या बाबतीत मी एवढा विचार करत नव्हतो, कारण बजाजचा मेकॅनिक कुठेही सापडतो.

दोन गाड्या सांभाळणं मात्र जड जायला लागलं. दोन विमे, दोन सर्व्हिसिंग. पावसाळ्यात निंजा उभी राहायची आणि बॅटरी बसायची. बंगळूरच्या फेऱ्या वाढल्यावर डॉमिनार उभी राहायला लागली. एक विकायची ठरली. मी धरून चाललो होतो की बायको निंजा विका म्हणेल. ती म्हणाली, "माझे गुडघे आता तसेही दोन तासांच्या वर बसू देत नाहीत. कोकणात आपण एसटीने जाऊ आणि तिथे स्कूटर भाड्याने घेऊ. तुम्ही बंगळूरला एकटे जाता, तेव्हा तुम्हाला जी सोपी पडते ती ठेवा." मला काही उत्तर सुचलं नाही. दोघांनी मिळून केलेले ते सगळे रस्ते डॉमिनारवरचे होते.

पण मला कुणी विचारलं की एकच घ्यायची तर कुठली, तर मी आधी मागे कोण बसणार ते विचारतो. नवरा-बायको दोघं, कोकण, देवदर्शन, खराब रस्ते असं असेल तर डॉमिनारच घ्या. उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, जॅकेट आणि कितीतरी वर्षांचं पेट्रोल होईल. एकटे जाणार असाल, महिन्यातून एकदा तरी चारशे-पाचशे किलोमीटर सरळ महामार्ग असेल आणि देखभाल स्वतः करायची तयारी असेल, तर निंजा. टेस्ट राइडला घरच्यांना बरोबर न्या आणि शोरूमभोवती चक्कर न मारता निदान तासभर त्यांना मागे बसवा. शोरूमवाले कुरकुर करतील. तरी आग्रह धरा.

डॉमिनार साताऱ्याच्या एका तरुणाने घेतली. नुकतं लग्न झालेलं, दोघंही गाडी बघायला आले होते. त्याने इंजिन ऐकलं, तिने मागच्या सीटवर बसून पाहिलं आणि दांडे धरून पाहिले. सायलेन्सरचा स्टे मी तसाच ठेवला आणि तो कशासाठी आहे ते समजावलं. जादा लिव्हर, केबल आणि पंक्चरचं किट पिशवीत घालून दिलं. फॉर्मवर सह्या झाल्या, बाकीचे पैसे आरसी नावावर झाल्यावर द्यायचे ठरले. पुढच्या महिन्यात त्याने ते पाठवले आणि विचारलं, दापोलीला जाताना आंबेत पुलावरून जावं की जेटीने. मी ओहोटीची वेळ टाळून जेटीने जा म्हणालो.